उत्तरेच्या भिंतीकडची जागा

नाशिक,
९ जून १९८२

ती. सुलाताईस,
शांतवनचा सलाम.

निवृत्त होऊन सहा महिने झाले नाहीत तोच माझ्या गळ्यात काय पडलंय ते तुला सांगायलाच हवं, कारण इथे ऐकून घेणारं कुणी उरलेलं नाही. पुढच्या वर्षी आपल्या संत बर्णबाच्या देवळाला शंभर वर्षं होतात. पंच कमिटीने ठरवलं, देवळाचा इतिहास छापायचा. लिहायचा कुणी? तर केदारे मास्तरांनी. अक्षर बरं आहे आणि घरी रिकामे बसलेत, एवढीच माझी पात्रता. त्यात सेक्रेटरी कारभारी साळवे यांनी एक अट घातली. प्रत्येक प्रकरण लिहून झालं की उपासनेनंतर मंडळीपुढे वाचायचं, आणि ज्याची हरकत असेल त्याने तिथेच उभं राहून बोलायचं. ही अट ज्याला सुचली त्याला एकदा तरी इतिहास लिहायला बसवलं पाहिजे.

पहिलं प्रकरण घंटेचं. घंटा बोटीने मुंबईला आली आणि स्टेशनापासून बैलगाडीने देवळात, एवढंच माझं वाक्य. त्यावर तीन घराणी उभी राहिली. प्रत्येकाच्या आजोबांच्याच गाडीतून ती आली म्हणे. चांदवडचे एक म्हातारबाबा तर खास एस.टी.ने येऊन बैलांची नावं सांगून गेले. एका घंटेला तीन गाड्या आणि सहा बैल! शेवटी वैतागून मी जाहीर केलं की जे दप्तरात आहे तेच इतिहासात येईल, दप्तरात नाही ते झालंच नाही. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन अशा तिन्ही नोंदवह्या कपाटातून काढून घरी आणल्यात आणि बायकोची बोलणी खात जेवणाच्या टेबलावर पसरून बसलोय.

आता १९४१ सालापर्यंत आलो आहे. त्या वर्षी बिशपसाहेब आले होते आणि त्यांच्या हातून एकाच रविवारी बावीस बालकांचा बाप्तिस्मा झाला. सगळी मांडणी आमच्या नानांची. तेव्हा ते पंच होते. शंभर वर्षांत माझा बाप एवढ्या एकाच ठिकाणी येतो, म्हणून ते पान जरा हात सैल सोडून लिहिलंय. मी तेव्हा पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात होतो. तू मात्र बाळंतपणाला आमच्या घरीच होतीस. त्या दिवसाचा फोटो सापडलाय. मिशन कंपाउंडातली झाडून सगळी माणसं त्यात आहेत, मग तू का नाहीस? आठवेल ते कळव. तारखा नकोत, तारखा माझ्याकडे आहेत.

तुझा
शांतवन


इगतपुरी,
२४ जून १९८२

चि. शांतवन,
सलाम.

तुझं पत्र पोस्टमनने छत्रीखालून दिलं तरी निम्मं भिजलेलं होतं. चुलीजवळ वाळवून वाचलं. इथे पंधरा दिवस सूर्य दिसलेला नाही. यांच्या गुडघ्यांनी संप केलाय. रेल्वेत असताना असा संप कधी केला नाही, आता घरात करतात.

घंटेबद्दल कुणाचंच खरं धरू नकोस. आपली आजी सांगायची की गाडीचा आस वाटेत मोडला आणि सहा जणांनी ती खांद्यावर आणली. त्या सहांत आपलं कुणी नव्हतं, म्हणून ते खरं असावं.

फोटोच्या दिवशी मला बरं नव्हतं.

तू माझ्याकडून माहिती मागतोस, तर मीही एक विचारते. देवळाच्या उत्तरेला भिंतीलगत नदीतले गोल दगड असायचे, ओळीने, थोडे थोडे अंतर सोडून. ते अजून आहेत का? गोटीराम राखणदाराला विचार. बाकीच्या गडबडीत हे विसरू नकोस.

सुलाताई


नाशिक,
६ जुलै १९८२

ती. सुलाताईस,
सलाम.

मी विचारतो बिशपसाहेबांचं आणि तू विचारतेस दगडांचं. कमिटीत बसायला तू अगदी योग्य आहेस.

आजीची सहा जणांची गोष्ट मी वाचून दाखवली. आता तीन घराण्यांच्या जागी सहा उभी राहिली आहेत. तुझे फार उपकार झाले.

पण एक गोष्ट मनासारखी झाली. कमिटीला शताब्दीचा हॉल बांधायचाय, लग्नकार्याला. जागेवरून चार बैठका नुसता कालवा चालला होता. मी दफनाची नोंदवही पहिल्या पानापासून तपासली आणि इतिहासात वाक्य लिहिलं, ‘देवळाच्या उत्तरेची जागा प्रारंभापासून मोकळी असून तेथे एकाही दफनाची नोंद नाही.’ ते वाचल्याबरोबर कारभारी साळवे टेबलावर हात मारून म्हणाले, झालं, हॉल उत्तरेला. इतक्या महिन्यांत माझ्या एका तरी वाक्याचा कुणाला उपयोग झाला. हंगामाचा सण आटोपला की पाया खणायला घेतील.

तुझे दगड सुखरूप आहेत. गोटीरामने गेल्याच महिन्यात ते सगळे गोळा केले आणि दारासमोरच्या फुलझाडांच्या वाफ्याला कडेने लावले. एक गेरूचा, एक चुन्याचा, असे रंगवलेतही. फार सुरेख दिसतात. शताब्दीला येशील तेव्हा बघ.

आता तरी त्या दिवसाबद्दल चार ओळी लिही.

शांतवन


इगतपुरी,
११ जुलै १९८२ (कार्ड)

शांतवन, दगड होते तिथे परत ठेवायला सांग. उत्तरेच्या भिंतीजवळ कुणालाही खणू देऊ नकोस. तुझं ते वाक्य खोड. सुलाताई


नाशिक,
१९ जुलै १९८२

ती. सुलाताईस,
सलाम.

तुझं कार्ड पोस्टमनने वाचलं, कोपऱ्यावरच्या दुकानदाराने वाचलं, मग मला मिळालं. तिघांनाही त्यातून काही कळलं नाही.

वाक्य खोड म्हणजे काय? दप्तर धुंडाळून, पुरावा बघून लिहिलेलं वाक्य आहे ते. त्यावर ठराव झालाय. आता मी कमिटीपुढे जाऊन काय सांगू, की इगतपुरीच्या माझ्या चुलतबहिणीला लहानपणी पाहिलेले दगड आवडायचे? घंटेच्या लोकांना मी दप्तर दाखवून गप्प केलं, आणि माझ्याच घरचं माणूस उठून दप्तराबाहेरचं मागतं. गोटीरामला विचारलं तर तो म्हणतो, कुठला दगड कुठे होता ते आता त्यालाही सांगता येणार नाही.

ताई, तुझ्यापुढे मी कधी आवाज चढवला नाही. पण कारण असेल तर सरळ लिही, नसेल तर मला माझं काम करू दे. जीव मेटाकुटीला आलाय माझा.

शांतवन


इगतपुरी,
२ ऑगस्ट १९८२

चि. शांतवन,
सलाम.

सरळ लिहिते. पूर्ण वाचून मग काय ते वैताग.

माझी मुलगी २९ सप्टेंबर १९४१ला तुमच्या घरी झाली. बाप्तिस्मा नऊ नोव्हेंबरच्या रविवारी ठरला होता. हे रजा घेऊन आले होते, पाळकसाहेबांना सांगून झालं होतं. शुक्रवारी सहादूकाका, म्हणजे तुझे नाना, खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, “पुढच्या रविवारी बिशपसाहेब येतायत. बावीस पोरं आहेत, तुझी धरून तेवीस. आठ दिवस थांबल्याने काय बिघडतंय?” मी म्हटलं, पोरीची छाती घरघरते आहे, मला थांबायचं नाही. ते म्हणाले, बिशपसाहेबांच्या हातून होणं कुणाच्या नशिबी येतं? यांची रजा संपत होती तरी यांनी मान डोलावली. काकांपुढे तेव्हा कोण बोलणार? मीही पुढे बोलले नाही. बाप गेल्यावर ज्यांच्या घरात वाढले त्यांना किती वेळा नाही म्हणायचं?

बुधवारी सकाळी ताप चढला. पाळकसाहेब सिन्नरच्या दौऱ्यावर. दुपारी ती माझ्या मांडीवर गेली.

तुला तेव्हा पुण्याला कळवलं असेल, मूल जगलं नाही. तेवढंच कळवतात. पुढचं असं की बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून दफनाचा विधी नाही, प्रार्थना नाही, वहीत ओळ नाही आणि दफनभूमीत जागाही नाही. त्या काळचा रिवाजच तो. तशी पोरं उत्तरेच्या भिंतीलगत ठेवायची. जागा सहादूकाकांनीच दाखवली. खणलं यांनी. वर ठेवायचा दगड मी पदरात घालून नदीवरून आणला. शेजारी आधीचे दगड होते, प्रत्येकाखाली एक. कुणाचा कुठला ते बायकांना ठाऊक असायचं. येता जाता हात लावून जायच्या. पुरुषांनी बोलायचं नाही असं ठरवल्यासारखंच होतं, आणि वहीत नाही म्हणून तुम्हा शिकलेल्यांना कळायचं कारण नव्हतं.

रविवारी बिशपसाहेबांनी बावीस बाप्तिस्मे केले. मी मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजले होते. म्हणून फोटोत नाही.

मला पुढे चार मुलं झाली, चारही चांगली आहेत. ही एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, तुलाही सांगणार नव्हते, कारण नाना तुझे वडील आहेत. पण तुझ्या वाक्यावर बोट ठेवून ते माझ्या पोरीवर पाया खणणार आहेत, शांतवन. तू मला विचारतोस कारण काय? हे कारण.

सुलाताई


नाशिक,
३० ऑगस्ट १९८२

ती. सुलाताईस,
शिरसाष्टांग सलाम.

उत्तराला महिना लागला. तीन पत्रं लिहून फाडली. मला खरंच माहीत नव्हतं, पण ते सांगून मी सुटत नाही. तू पहिल्याच पत्रात दगड विचारलेस आणि मी तुला गेरूचा रंग सांगत बसलो. ते पत्र परत मागून घेता आलं असतं तर घेतलं असतं.

कमिटीकडे गेलो. सांगितलं की उत्तरेला लहान मुलं पुरलेली आहेत, खणू नका. कारभारीने विचारलं, नोंद कुठे आहे? मी म्हटलं, बाप्तिस्मा न झालेल्यांची नोंद होत नसे. तर त्याने माझंच वाक्य माझ्यापुढे धरलं, एकाही दफनाची नोंद नाही, आणि माझीच घोषणा मला ऐकवली, दप्तरात नाही ते झालंच नाही. मास्तर, तुम्हीच शिकवलंत म्हणाला. कुणाचं मूल आहे ते विचारलं, तेव्हा मला तुझं नाव घेता आलं नाही. नाव घेतलं की १९४१ आलं, आणि १९४१ आलं की नाना आले. खोटं कशाला बोलू? त्यांच्यासाठीच गप्प बसलो.

कंत्राटदार ठरलाय. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कुदळ पडणार. या माणसांना वहीशिवाय काही कळत नाही. तेव्हा मी एक मार्ग काढलाय, पत्र वाचून झालं की चुलीत घाल. नोंदवह्या माझ्याच घरी आहेत. १९४१च्या पानावर बावीस नावांखाली एक ओळ कोरी आहे. तसल्याच काळ्या शाईची पुडी मला मिळाली, जुनं वळणही जमतं. तेविसावा बाप्तिस्मा मी लिहून टाकतो, आणि दफनाच्या वहीत एक ओळ, उत्तरेची भिंत. कुणाला संशय यायचा नाही. जागा वाचेल, नानांचं नावही मध्ये येणार नाही. आयुष्यात मी वहीत खोटं लिहिलेलं नाही, हे तुझ्यासाठी लिहीन. फक्त मुलीचं नाव कळव. ती जागा भरावी लागते.

शांतवन


इगतपुरी,
४ सप्टेंबर १९८२

शांतवन,

पत्र चुलीत घातलं नाही. यांना वाचून दाखवलं. ते उठून ओट्यावर जाऊन बसले.

तुला लाज कशी वाटली नाही? शाईची पुडी आणलीस, वळण गिरवलंस, आणि म्हणतोस माझ्यासाठी. माझ्यासाठी नाही, नानांसाठी. तिचा बाप्तिस्मा झाला असं तू लिहिलंस की आठ दिवस कुणी कुणाला थांबवलंच नाही. बिशपसाहेबांचे तेवीस पुरे झाले, काकांच्या मनासारखं झालं. माझ्या पोरीला मेल्यावर खोटं पाणी लावून त्यांची अब्रू राखायची?

नाव मागतोस. आपल्यात नाव बाप्तिस्म्याला ठेवतात. रविवार आलाच नाही, तर नाव कुठून असणार?

तुला इतिहास लिहायचाय ना, मग लिही. बाप्तिस्मा झाला नाही असं लिही. का झाला नाही ते लिही. कुणी थांबवलं ते लिही. काका मला वाईट नव्हते, पायातल्या चपलेपासून सगळं त्यांनी पुरवलं, तेही हवं तर लिही. पण जे झालं ते लिही. ते जमत नसेल तर तुझ्या त्या पुस्तकाची एक प्रतही इगतपुरीला पाठवू नकोस, आणि पत्रही नको.

सुलाताई


नाशिक,
१५ नोव्हेंबर १९८२

ती. सुलाताईस,
सलाम.

पत्र नको म्हणाली होतीस. हे एवढं वाच.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर मी ते पान लिहीत होतो. एक पान, दोन महिने. रोज नानांच्या फोटोपुढून जावं लागायचं. शेवटी फोटो उतरवला नाही, टेबल दुसऱ्या खोलीत नेलं. हंगामाच्या सणाला गंगापूर रोडकडच्या मळ्यांतून फ्लॉवर आणि दुधीभोपळे येऊन देऊळ भरलेलं असतं, माणसंही भरपूर असतात, म्हणून त्याच रविवारी वाचायचं ठरवलं. कारभारीला आधी दाखवलं. तो म्हणाला, स्वतःच्या बापाबद्दल असं छापणारा माणूस मी पाहिला नाही, नावं तरी गाळा. मी म्हटलं, नावं गाळायची तर माझंही गाळा आणि इतिहास दुसऱ्याकडून लिहून घ्या.

उपासनेनंतर उभं राहून वाचलं ते असं:

‘१६ नोव्हेंबर १९४१ रोजी बिशपसाहेबांच्या हस्ते बावीस बालकांचा बाप्तिस्मा झाला. तेविसावी पुंजाराम व सुलाबाई यांची दीड महिन्यांची मुलगी. तिचा बाप्तिस्मा ९ तारखेस ठरला होता. समारंभासाठी तो आठ दिवस पुढे ढकलण्यात आला, आणि ती बुधवार दि. १२ रोजी बाप्तिस्म्याविना वारली. तिच्या आईने थांबण्यास नकार दिला होता. थांबवणारे पंच सहादू केदारे हे प्रस्तुत लेखकाचे वडील होत. त्या काळच्या रिवाजानुसार तिची कोठेही नोंद नाही. ती देवळाच्या उत्तरेच्या भिंतीलगत आहे. ही जागा मोकळी असल्याचे लेखकाने पूर्वी लिहिले होते, ते चुकीचे होते.’

हरकत असेल त्याने उभं राहावं, असं मी नेहमीप्रमाणे म्हटलं. घंटेपासून आजपर्यंत एकही रविवार असा गेला नाही की कुणी उठलं नाही. या वेळी कुणी उठेना. मग बायकांच्या बाजूने मालनबाई उठल्या. कारभारीची आई, वय ऐंशीच्या पुढे. लेकाकडे न बघता मला म्हणाल्या, “मास्तर, आणखी एक लिही. माझा मुलगा. कारभारीच्या आधीचा.”

कारभारी खुर्चीवर होता तो तसाच राहिला. त्याला भाऊ होता हे त्याला साठाव्या वर्षी कळलं. मग एकेक करून बायका उठत गेल्या, कुणी स्वतःचं सांगितलं, कुणी सासूचं. नऊ झाली. मी लिहीत होतो आणि मला दिसत नव्हतं, चष्मा पुसून पुसून लिहिलं. नानांना कुणी नावं ठेवली नाहीत. उलट बाहेर पडताना दोघी-तिघींनी सांगितलं की त्यांच्याकडेही कुणीतरी असंच थांबवलं होतं.

हॉल आता दक्षिणेला विहिरीकडे सरकला. ठराव कारभारीनेच मांडला. गोटीरामने वाफ्याचे दगड काढून, रंग खरवडून भिंतीपाशी नेऊन ठेवलेत. पण कुणाचा कुठला ते आता सांगता येत नाही, ते माझ्यामुळे झालं आणि त्याला माझ्याकडे उपाय नाही. माफ कर असं लिहायला हात उचलत नाही. तरी लिहितो, माफ कर.

पाळकसाहेब २८ तारखेच्या रविवारी उपासनेनंतर भिंतीपाशी प्रार्थना करणार आहेत. एकेचाळीस वर्षं राहिलेली. तू आणि दाजी याल का? मी स्टेशनावर उभा राहीन.

शांतवन


इगतपुरी,
१९ नोव्हेंबर १९८२

चि. शांतवन,
सलाम.

पत्र मिळालं. पान यांनी दोनदा वाचायला लावलं. येतो आम्ही दोघं, सकाळच्या गाडीने. यांना जिना चढवत नाही, तेव्हा पुलावरून नेऊ नकोस, फाटकाकडून ने.

दगडाचं मनाला लावून घेऊ नकोस. भिंत तीच आहे, मला पावलं ठाऊक आहेत.

मागच्या पत्रात रागाच्या भरात लिहिलं की नाव नव्हतं. ठेवलं नव्हतं, हे खरं. पण मी ठरवलेलं होतं. रविवारी पाळकसाहेब विचारतील तेव्हा सगळ्यांसमोर पहिल्यांदा सांगायचं, म्हणून यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. मग कुणी विचारलंच नाही. आजतागायत ते तोंडातून बाहेर पडलेलं नाही.

पाळकसाहेबांना एवढं सांगून ठेव की प्रार्थना सुरू करण्याआधी त्यांनी मला नाव विचारावं.

सुलाताई